उल्लाळला आम्ही काय जेवलो



माघात आम्ही दोघं मंगळूरकडं जाऊन आलो. आल्यापासून जी भेटते ती एकच विचारते, "काय खाल्लं गं तिकडं? सगळीकडं मासेच की!" मूडबिद्रीचं दर्शन कसं झालं, कारकळच्या पायऱ्या चढवल्या का, हे सगळं नंतर. आधी जेवणाचं. त्यात चूक काही नाही, मी स्वतःसुद्धा निघण्याआधी महिनाभर तोच विचार करत होते. म्हणून आज जेवणाचंच लिहिते. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, त्यात चारशे वर्षांपूर्वीची एक राणीही येणार आणि माझी एक जुनी चूकही येणार. तेव्हा लेख थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्या मैत्रिणीकडं गेलो तिला मी अक्का म्हणते. ती मूळची उल्लाळची. मंगळूर शहराच्या दक्षिणेला नेत्रावती नदी ओलांडली की उल्लाळ. तिचे यजमान बँकेत होते आणि १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं त्यांची बदली सांगलीत होती. आमच्या भिंतीला भिंत लागून घर. आपल्याकडं त्या काळी बँकेत मंगळूर-उडुपीकडचे साहेब फार असायचे, आठवतं का? मी कॉमर्सची, त्यामुळं मला त्याचं कुतूहल होतं. कॅनरा बँक १९०६ साली मंगळुरात सुरू झाली, सिंडिकेट बँक १९२५ साली उडुपीत. आपण ज्याला पिग्मी म्हणतो, रोज दारात येऊन पैसे नेणारा तो पिग्मीवाला, ती योजनासुद्धा तिकडचीच. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं ती काढली, रोज दोन आणे. आपल्या कितीतरी जणींच्या पाटल्या त्या पिग्मीतून झाल्या आहेत. मासळी, मिरी आणि तांदूळ विकून जगणाऱ्या त्या किनाऱ्याला पैसा साठवायची अक्कल आपल्या आधी आली होती, एवढंच सांगायचं.

अक्का मोगवीर समाजाची. म्हणजे समुद्रावर जाणारे, मासेमारी करणारे लोक. तिच्या वडिलांची होडी होती. सांगलीत आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. सहा महिन्यांत ती माझ्याशी भांडण्याइतकं मराठी शिकली. सकाळी अकरा वाजता कामं उरकली की माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिला इतकी आवडायची की मी रोज एक भाकरी जास्तीची थापत असे.

आणि मी? चार वर्षांत मी तिच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नाही. सासूबाईंची तशी सक्त ताकीद होती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरोबरच वाटत होतं. मासे शिजतात त्या घरचं कसं घ्यायचं? मी जायचे, बसायचे, "आत्ताच झालंय" म्हणायचे. अक्कानं कधी आग्रह केला नाही.

१९८७ साली तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. त्या दिवशी अक्कानं नवा स्टीलचा डबा आणला, त्यावर कानडीत स्वतःचं नाव घालून घेतलं. न्हाऊन, अंगणात वेगळ्या स्टोव्हवर, नव्या पातेल्यात कोहळ्याचा हलवा केला. काशी हलवा म्हणतात त्याला. डबा घेऊन आली आणि म्हणाली, "हे तुझ्यासाठी वेगळं केलंय. आमच्या कुठल्याच भांड्याला लागलेलं नाही." मी हसून घेतला. तिची पाठ फिरल्यावर तो डबा जसाच्या तसा आमच्या धुण्याभांड्याच्या बाईंना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं पोर त्याच डब्यातला हलवा बोटानं पुसून खात आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या पायरीवर बसलं होतं. अक्का दारात उभी होती. तिनं पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. त्यावर एक शब्द बोलली नाही. येणं-जाणं तसंच राहिलं, भाकरीही खायची. पण पुन्हा कधी काही आणलं नाही. तो डबा धुऊन माझ्याकडंच राहिला, कारण परत कोणत्या तोंडानं द्यायचा हे मला सुचेना.

तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. तेव्हापासून आमचं फोनवर बोलणं वाढलं. यंदा ती म्हणाली, "आता येऊन जा. तू साठीची झालीस, मी सत्तरीची, अजून कशाची वाट बघतेस?" चार दिवस राहायचं तर जेवणाचं काय, हा प्रश्न मी विचारायच्या आत तिनं सांगितलं, "जेवणाचं मी बघते. तू फक्त ये."

कोल्हापुराहून आंबा घाटानं रत्नागिरी आणि तिथून कोकण रेल्वे. १९९८ साली ही रेल्वे पूर्ण सुरू झाली, नाहीतर एवढ्या लांब समुद्राकडेनं जाणं म्हणजे केवढं लचांड होतं! मी नेहमीप्रमाणं गाळणं, दशम्या, चटणी, मेतकूट असं सगळं बांधून घेतलं. "चार महिन्यांची बेगमी चालली का?" असं ह्यांनी विचारलं. बेगमी नव्हे, ती माझी भीती होती. सामानात तळाला तो डबाही होता.

उल्लाळात शिरताना हातात तलवार घेतलेल्या राणीचा पुतळा दिसतो. ही राणी अब्बक्का. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी नाव ऐकलं असेल, कारण ती आपल्याच धर्माची. तिचं घराणं चौट, जैन राजे. आधी त्यांची गादी पुत्तिगेला होती, मग मूडबिद्रीला आणि बंदर उल्लाळला. मूडबिद्रीत चौटांचा वाडा अजून उभा आहे. तिथल्या लाकडी खांबांवर नऊ बायकांच्या आकृतींतून घडवलेला हत्ती आणि पाच बायकांचा घोडा कोरलेला आहे. तो बघायला विसरू नका, लोक बसदी बघून तसेच निघून जातात.

राणी कशी झाली तेही बघण्यासारखं आहे. त्या भागात अळियसंतान नावाची पद्धत होती. वारसा बापाकडून मुलाकडं जात नाही, मामाकडून बहिणीच्या लेकरांकडं जातो. घर बाईच्या नावानं चालतं. मामा तिरुमलराय चौट यांनी भाचीला राज्यकारभार, घोडा, तलवार सगळं शिकवून गादीवर बसवलं. ही पद्धत फक्त राजघराण्यातली नव्हे. तुळु जैनांत होती, बंटांत होती आणि अक्काच्या मोगवीरांतही होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात या अळियसंतानाचा नावानिशी उल्लेख आहे, बी.कॉम.ला कायद्याच्या पुस्तकात तो शब्द दिसला होता पण तेव्हा काही समजलं नव्हतं. अक्काचं हे घर तिच्या आईचं, त्याआधी आजीचं. लग्न होऊन तिला माहेर सोडावं लागलं ते बदल्यांमुळं. आपल्याकडं मुलीच्या नावावर एक गुंठा करताना भाऊ किती विचार करतात ते आठवा.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि मग सगळ्या किनाऱ्यावर दादागिरी सुरू केली. समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांच्याकडून पैसे भरून परवाना घ्यायचा. त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसला की जहाज पकडायचे, माल लुटायचे. व्यापाराच्या भाषेत सांगायचं तर रस्ता सगळ्यांचा, आणि नाका एकट्याचा. किनाऱ्यावरच्या छोट्या राजांकडून ते खंडणीही घेत, आणि ती कित्येकदा तांदळाच्या पोत्यांत असे, कारण गोव्याची चूल कानडी किनाऱ्याच्या तांदळावर पेटायची. अब्बक्कानं खंडणी द्यायला नकार दिला. तिची जहाजं मिरी आणि तांदूळ घेऊन परवान्याशिवाय जात राहिली. कालिकतच्या सामुद्री राजाशी तिनं संधान बांधलं. १५५५ साली पोर्तुगीज आरमार चालून आलं, ते तिनं परतवलं. १५६८ साली त्यांनी उल्लाळ घेतलंच. तिकडचे लोक सांगतात की त्या रात्री राणीनं मशिदीत आसरा घेतला, दोनेकशे माणसं गोळा केली आणि पहाटेच्या आत उलटा हल्ला चढवला. त्यात पोर्तुगीज सेनापती मारला गेला.

तिचा नवरा मंगळूरचा बंग राजा, तोही जैन. त्याच्याशी तिचं पटलं नाही. ती आपल्या घरी निघून आली आणि त्याचे दागिने त्याला परत पाठवले. त्यानं पुढं पोर्तुगीजांची बाजू घेतली. म्हणजे स्वधर्माचा, सप्तपदी चाललेला नवरा समोरच्या बाजूला. आणि हिच्या बाजूला कोण? होड्या वल्हवणारे मोगवीर, बंदरातले ब्यारी मुसलमान, शेतातले बंट. अक्का हे मला ओसरीवर बसून सांगत होती. पोथीतलं सांगतात तसं नाही, शेजारचं भांडण सांगावं तसं सांगत होती. "तुझी राणी, आणि होड्या आमच्या," असं म्हणून हसली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. इतिहासाच्या पुस्तकात तो कुणी विचारत नाही, बायकाच विचारतील. ही राणी जेवत कुणाबरोबर होती?

सूर्यास्ताआधी जेवणारी, पाणी गाळून पिणारी बाई. आणि तिची माणसं रात्री जाळी टाकणारी. आजारी पडलेल्या नाखव्याच्या घरी ती जात असेल का? गेली तर काय घेत असेल? एक नारळ फोडून पाणी? नारळ ही त्या किनाऱ्यावरची मोठी सोय आहे. निसर्गानंच झाकण लावून दिलेलं भांडं, कुणाच्याही घरी चालतं.

राणीच्या पानात काय असेल याचा थोडा अंदाज मात्र करता येतो, कारण काय नसेल हे नक्की माहीत आहे. लाल मिरची तेव्हा नुकती आलेली, तीही पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, जिच्यासाठी ही सगळी मारामारी. काजू, अननस, पपई, पेरू हे सगळे अमेरिकेकडून त्याच जहाजांतून आले. आज मंगळूर काजूच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं आहे आणि काजूशिवाय आपलं एक लग्न होत नाही, पण अब्बक्काच्या लहानपणी किनाऱ्यावर काजू क्वचितच कुणाला माहीत असेल. बटाटाही तसाच परदेशी आहे, आणि त्याचं तर नावच पोर्तुगीज. मी हे सांगितल्यावर ह्यांचं म्हणणं, "म्हणजे राणीनं पोर्तुगीजांशी सुरू केलेलं वैर तू एकटी अजून चालवतेस." बाकी भात, नारळ, फणस, केळी, कोकम, गूळ, उडीद, काकड्या, पालेभाज्या हे सगळं तिचं आणि आपलं चालणारंच. आपल्या नियमांमुळं आपलं जेवण बिचारं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या किनाऱ्यावर एकदा चार दिवस राहून यावं.

एका गोष्टीचा लेखी पुरावा मात्र आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली या किनाऱ्यावर आला होता. विचित्र माणूस! इराणात वारलेल्या बायकोचं शव पेटीत घालून बरोबर नेत होता, पुढं रोमला नेऊन पुरलं. माझ्या मुलानं त्याच्या प्रवासवर्णनाचा इंग्रजी अनुवाद मला काढून दिला. जुनी इंग्रजी, पण संथपणे वाचली की कळते. उल्लाळच्या राणीचं नाव ऐकून तो मुद्दाम तिला भेटायला गेला. चौट घराण्यात अब्बक्का नावाच्या एकाहून जास्त राण्या झाल्या असं इतिहासकार मानतात, त्यामुळं ही १६२३ ची राणी पुढच्या पिढीतली. ती त्याला वाड्यात, सिंहासनावर भेटली नाही. बाजाराच्या रस्त्यावर पायी येताना भेटली. अनवाणी, अंगावर साधं जाडंभरडं सुती कापड, डोक्यावर पानांची छत्री. पाण्याचा चर खणायचं काम चाललं होतं ते बघायला निघालेली. त्यानं लिहिलंय की चाळिशीची, सावळी, अंगानं भरलेली ही बाई राणीपेक्षा स्वयंपाकघरातली मोलकरीण किंवा परटीण वाटावी अशी होती. बोलायला लागली तेव्हा मात्र आवाजावरून आणि बोलण्यातल्या समजेवरून राणी कळली.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. साहेबाला ते हिणकस वाटलं असेल. मला मात्र ती बाई ओळखीची वाटली. आमच्या सासूबाई उसाला पाणी सोडायचं असलं की अशाच निघायच्या, पदर खोचून, अनवाणी.

त्याच प्रवासात तिथल्या एका छोट्या राजाकडं या पाहुण्याला जेवण मिळालं. पानावर भात वाढला. यानं आपल्याजवळचा काटा-चमचा काढून खाल्लं, आणि हाताचं बोट न लावता जेवणारा माणूस म्हणून भोवतालचे लोक थक्क झाले. यजमान राजा काही त्याच्या पंक्तीला बसला नाही. परक्याबरोबर जेवायचं नाही ही रीत होती. पण पाहुण्याला उपाशीही पाठवायचं नाही. त्यामुळं वेगळं वाढायचं, आदरानं वाढायचं, जवळ थांबून विचारपूस करायची. जुन्या काळी एकत्र नांदणं म्हणजे हे असं होतं. एका ताटात कुणी कुणाच्या नव्हतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या चुलीचा नियम माहीत होता आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही हेही ठरलेलं होतं. ही रीत सगळी चांगलीच होती असं मी म्हणणार नाही. नियम कोण करतं आणि दाराबाहेर कोण थांबतं, हे प्रत्येक वेळी त्याच लोकांच्या वाट्याला यायचं. अक्काच्या आजीला कितीतरी घरांत अंगणाच्या पुढं जाता येत नव्हतं. ती मासे विकायला जायची, पैसे वरून टाकले जायचे. हेही अक्कानंच सांगितलं, ओसरीवर बसून, आवाज न चढवता.

आता आमच्या जेवणाकडं येते.

पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घरामागं समुद्र, पाण्याचा धक्का थोपवायला टाकलेले मोठमोठे दगड, कारण उल्लाळला समुद्र दरवर्षी किनारा खातो. मागच्या पडवीत अक्कानं नवी चूल मांडली होती. मातीची नवी भांडी, करवंटीचे नवे डाव. चार दिवस घरात मासा आणायचा नाही असं तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं. मुलगा हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही आहात तोवर आम्हीपण जैन."

तिनं मूडबिद्रीच्या एका जैन शिक्षिकेला विचारून सगळे नियम लिहून आणले होते. कागद भिंतीला चिकटवलेला, कानडीत. त्यामुळं आंबवलेल्या पिठाचं काही नव्हतं. तिकडं फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेल्या इडल्या फार प्रसिद्ध, पण पीठ रात्रभर ठेवावं लागतं म्हणून तिनं केल्या नाहीत. नीर डोसे केले. तांदूळ भिजवून वाटायचे, पाणी घालून पातळ करायचे आणि लगेच घालायचे, आंबवण्याचा प्रश्नच नाही. पुंडी केली, म्हणजे तांदळाच्या रव्याचे उकडलेले गोळे, वरून खोबरं. तोंडली आणि काळ्या हरभऱ्यांची खोबऱ्यातली भाजी, मंगळुरी काकडीचं सांबार. या काकड्या पिवळ्या, गोलसर असतात, शिंकाळ्यासारख्या बांधून आढ्याला टांगल्या की महिनोन्‌महिने टिकतात. हरभरे होते म्हणून ताक नव्हतं, द्विदल होईल. ताकाच्या जागी कोकमाचं सार, त्याला ती पुनर्पुळी म्हणते. आपल्या घरातल्या नव्या सुनांना द्विदल म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि या मोगवीर घरात ते पाळलं होतं.

मी कबूल करते, तरीही माझं मन मागं-पुढं झालं. दशम्यांचा डबा पिशवीत होताच. मी समुद्राकडं जाऊन दगडावर बसले आणि हिशेबाच्या वहीसारखे मनात दोन रकाने केले. एकीकडं मी गुरूंसमोर घेतलेले नियम: रात्री जेवायचं नाही, कंदमूळ नाही, गाळलेलं पाणी, द्विदल नाही, मद्य-मांस-मध नाही. दुसरीकडं सासूबाईंनी सांगितलेलं: अमक्याच्या घरचं नाही. दुसऱ्या रकान्यातलं एकही मी व्रत म्हणून कधी घेतलेलं नव्हतं. नुसतं चालत आलेलं होतं. काही जणींना हे पटणार नाही, मला माहीत आहे. ज्यांचा सोळ्याचा, शुद्धीचा नियम कडक आहे त्यांनी तो पाळावाच, मी कुणाला सोडायला सांगत नाही. माझा हिशेब माझ्यापुरता केला.

माघात तिकडं साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. दोन घटका आधी उरकायचं तर पावणेसहाला हात धुवायला हवेत. पडवीतून सूर्य समोर दिसत होता, घड्याळाची गरजच नव्हती. अक्कानं केळीची पानं मांडली. आमची दोन, आणि शेजारी आणखी एक. "तू पण आत्ताच?" मी विचारलं. ती एरवी रात्री नवाला जेवते. "चार दिवस तुझ्या वेळेला," असं म्हणून ती माझ्या शेजारच्या पाटावर बसली. सूनबाईंनी वाढलं. पहिला घास घेतला तेव्हा अक्का माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम समुद्राकडं बघत होती. ते मला कळलं.

जेवण झाल्यावर मी डबा काढला. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून सांगलीचे बेदाणे भरून आणले होते. अक्कानं डबा उलटा करून नाव वाचलं. मी सगळं बोलले. हलवा, बाई, पोर, पायरी. माझा आवाज नीट निघत नव्हता.

ती म्हणाली, "तू खाल्लं नाहीस याचं मला काही नव्हतं गं. आमच्या हातचं न खाणारी किती घरं लहानपणापासून बघितलीयत. राग याचा आला की तू घेतलंस. 'अक्का, मला चालत नाही' एवढं तोंडावर म्हणाली असतीस, मी तो हलवा परत नेऊन पोरीला भरवला असता. तू हसून घेतलंस, मला वाटलं हिनं माझं ऐकलं. रात्रभर मी खुशीत होते." थोडं थांबून म्हणाली, "दुसऱ्या दिवशी ते पोर बघितलं." मग डब्यातले चार बेदाणे तोंडात टाकले आणि सुनेला हाक मारून म्हणाली की हे उद्याच्या शिऱ्यात घाल.

तिसऱ्या दिवशी अक्का आमच्याबरोबर मूडबिद्रीला आली. सावीर कंबद बसदी, हजार खांबांची, १४३० सालची. चंद्रनाथ भगवंतांसमोर ती हात जोडून उभी राहिली, आणि खांब कसे एकासारखा एक नाही हे तिनंच मला दाखवलं. शाळेच्या सहलीपासून ती तिथं येत आलेली. षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या याच गावानं शतकानुशतकं सांभाळल्या. त्यातला पहिला भाग १९३९ साली छापला गेला तो आपल्या अमरावतीहून, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली. पण त्याआधी कित्येक वर्षं गजपती उपाध्याय या पंडितांनी जी गुपचूप नक्कल केली, तिला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा हात लागलेला होता. घरात बसून, कानडी लिपीत, पान पान उतरवून. स्वयंपाक उरकून कुठल्या वेळी लिहीत असतील बाई! पुढच्या वेळी कुणी धवलेचं नाव काढलं तर लक्ष्मीबाईंचंही काढा.

परतीच्या आधी धर्मस्थळ झालं. मंजुनाथ म्हणजे शंकर, पूजा करणारे माध्व वैष्णव ब्राह्मण आणि देवस्थानाचे धर्माधिकारी हेग्गडे घराणं जैन. त्याची आख्यायिका तिकडं सगळ्यांना ठाऊक आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी बिर्मण्ण पेर्गडे आणि अम्मु बल्लाळती हे जैन जोडपं तिथं राहत होतं. दारात अनोळखी पाहुणे आले. कोण, कुठले, काही न विचारता अम्मूनं त्यांचं आदरातिथ्य केलं. ते पाहुणे म्हणजे धर्मदैवतं होती, आणि त्यांनी त्या जोडप्याकडं राहतं घरच मागितलं. त्यांनी तेही दिलं. आजही तिथं येईल त्याला जेवण मिळतं, जात-धर्म न विचारता, पैसे न घेता. आम्ही तिघं दुपारच्या पंगतीला बसलो. भात, सार, भाजी, पायसम. माझ्या डावीकडं हे, उजवीकडं अक्का, समोर केरळातलं एक मोठं कुटुंब. भाजीत बटाटा होता. मी बाजूला सारला. अक्कानं तो न बोलता आपल्या पानात घेतला.

निघताना तिनं तो डबा पुन्हा माझ्या हातात दिला. आत कोहळ्याचा हलवा, सकाळी केलेला, मर्यादेत संपवायचा म्हणून दिवस आणि वेळ कागदावर लिहून वर चिकटवलेली. आम्ही तो गाडीत कारवारच्या पुढं, सूर्य मावळायच्या बराच आधी संपवला. ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. डबा आता माझ्याकडं आहे. दिवाळीनंतर अक्का सांगलीला यायची आहे, तोवर त्यात काय भरायचं ते ठरवायचंय. कुणाला काही सुचलं तर कळवा, पण टिकणारं हवं आणि तिला गोड कमी सांगितलंय डॉक्टरांनी.